पोटाला दोन बोटं जागा

आयसीयूत आयुष्य काढलेल्या बाईने दिवाळी अंकात लिहू नये, असं माझ्या यजमानांचं स्पष्ट मत आहे. लोक चकली खात वाचतात आणि तू लघवीच्या पिशवीपासून सुरुवात करशील, असं ते म्हणाले. इतकी वर्षं संसार केल्यावर नवरा-बायको एकमेकांना पुरते ओळखून असतात. मी लघवीच्या पिशवीपासूनच सुरुवात करणार आहे.

सुरतेच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी नर्स होते. त्यातली बहुतेक वर्षं अपघाताच्या आयसीयूत गेली आणि त्याच विभागाची इनचार्ज म्हणून मी निवृत्त झाले. रस्त्यावर चिरडलेले, इच्छापोरच्या कारखान्यात सापडलेले, बांधकामाच्या परांचीवरून पडलेले, असे सगळे आमच्याकडे येत. गुजराती पेशंट मला सुमनबेन म्हणत, आमच्या लिंबायत वस्तीतले मराठी लोक सुमनताई म्हणत, आणि वैतागलेल्या नातेवाइकांसाठी मी नुसतीच ‘ओ सिस्टर’ असे. बाहेर बसलेल्या या नातेवाइकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, काही खाल्लं का त्याने? पोराच्या तोंडात नळी, नळीला मशीन, आणि आई विचारतेय खाल्लं का. आमचे सर्जन नायकसाहेब मात्र दारातून आत पाऊल टाकता टाकता वेगळंच विचारत. "सुमनबेन, पेशाब केटलो थयो?" लघवी किती झाली, एवढंच. नव्या पोरींना हसू यायचं. पुढे त्याही घरी जाऊन नवऱ्याला तेच विचारायला लागायच्या.

पण त्या प्रश्नात सगळं असतं, ते कसं ते सांगते.

आपल्या कमरेला आतून हाडांचं एक कडं असतं. गाडीचं चाक गेलं, माणूस दोन वाहनांच्या मधे चेपला, की ते कडं मोडतं. बाहेरून फारसं दिसत नाही. जखम नाही, रक्त नाही, माणूस बोलतोय, पाणी मागतोय, आणि लोक म्हणतात चला, थोडक्यात वाचला. रक्त मात्र आत, पोटाच्या मागच्या बाजूला साचत असतं. ते भरून काढायला आम्ही वरून रक्त देतो, सलाईन देतो, आणि ते द्यावंच लागतं. मग आतडी सुजतात. सुरतेच्या माणसाला हे समजवायला मी कापडाच्या पार्सलचं उदाहरण द्यायची. गोणपाटात ताक्यावर ताके कोंबत गेलात, तर शिवण एका हद्दीपर्यंत ताणते. त्यानंतर आतला माल एकमेकाला चेपायला लागतो. पोटाचं तेच होतं. आधी मूत्रपिंडं काम थांबवतात, मग फुप्फुसांना फुगायला जागा उरत नाही, मग हृदय थकतं. म्हणून नायकसाहेब आधी लघवी विचारत. ती आटली की पोटात दाब वाढला, असं समजायचं.

तो दाब मोजायची आमची रीत अगदी साधी आहे. लघवीच्या नळीतून थोडं सलाईन आत सोडायचं, पिशवीकडे जाणारी वाट चिमट्याने बंद करायची, नळी पट्टीला लावून उभी धरायची, आणि पेशंटने श्वास सोडला की पाणी कुठवर चढलंय ते बघायचं. मूत्राशय पोटातच असल्यामुळे पोटाचं दुखणं त्याला बरोबर कळतं. नातेवाइकांना आम्ही ‘लेवल’ म्हणून सांगायचो, आणि पावसाळ्यात उकाई धरणाची लेवल विचारावी त्याच सुरात ते आम्हाला विचारायचे, आज लेवल किती? लेवल फार चढली तर करायचं तेही धरणासारखंच, दरवाजे उघडायचे. पोट वरपासून खालपर्यंत उघडायचं आणि उघडंच ठेवायचं. सलाईनच्या मोठ्या पिशवीचं निर्जंतुक प्लास्टिक कापून ते कडेकडेने कातडीला शिवून टाकतात. आत आतडी दिसत राहतात. सूज उतरली की पुढे पोट शिवायचं. पहिल्यांदा हे बघून भोवळ येऊन पडलेले मी बरेच पाहिले आहेत. त्यात पंचनाम्याला आलेला एक दांडगा हवालदारही होता.

आता दुसरा धडा, तो घरी प्रत्येकाला माहीत असावा असा. मोडलेलं कडं मिटवून धरायला एक चादर पुरते. तिची पट्टी करून दोन्ही मांड्यांचे खुबे हाताला लागतात तिथून फिरवायची आणि आवळायची. खाली आवळलं तर कडं मिटतं, रक्त थांबायला मदत होते. चार बोटं वर सरकून पोटावर आवळलं, तर कडं तसंच उघडं राहतं आणि पोटावर वरून आणखी दाब येतो. आणि आपली माणसं हमखास वरच बांधतात. त्यांना दोष कसा देणार? आपल्याकडे पोट दुखलं की पोट बांधतात, ओझं उचलताना कंबर बांधतात, बाळंतिणीचं तर बांधतातच. रस्त्यावर माणूस पोट धरून कण्हत असला की हात आपोआप पोटाकडेच जातात.

बारडोलीकडे ऊसतोडीला आलेली एक बाई मला आठवते. उसाची बैलगाडी कलंडली आणि ती खाली सापडली. लुगडं टर्रकन फाटलं. भोवती सगळे पुरुष जमले, म्हणून तिच्या नणंदेने स्वतःची ओढणी तिच्या कमरेखाली गुंडाळली, आणि उचलताना सुटून पुन्हा फजिती नको म्हणून चांगली करकचून गाठ मारली. नेमकी जिथे हवी तिथे बसली. नायकसाहेबांनी हे कुणी बांधलं म्हणून विचारल्यावर ती नणंद खांबाआड जाऊन उभी राहिली. तिला वाटलं आता बोलणी बसणार. साहेबांनी तिला हात जोडले, तेव्हा ती आणखीच घाबरली. ती ऊसतोडीची बाई वॉकर धरून का होईना, पण चालत घरी गेली. पुढे शिकवताना मी ही गोष्ट प्रत्येक वर्गाला सांगायची. लाजेने जीव घेतल्याच्या गोष्टी पुष्कळ ऐकल्या होत्या, वाचवल्याची ही एकच.

सगळ्यांना अशी नणंद भेटत नाही. ज्याच्यासाठी हे लिहायला बसले, तो हिंमत. त्याच्याआधी त्याच्या आईबद्दल सांगायला हवं.

दगूमावशी आमच्या गल्लीतली. माझे आईवडील शिंदखेड्याकडून इथल्या लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आले, त्याच सुमारास तीही आली. नवरा कारखान्यातच वारला. मग तिने अंगात होती ती विद्या बाहेर काढली. बाळंतिणीची आणि बाळाची मालिश, शेक-शेगडी आणि पोट बांधणं. जुन्या लुगड्याची हातभर रुंद पट्टी फाडायची, घडी घालायची, बाळंतिणीला उताणं झोपवायचं, आणि खाटेच्या कडेला गुडघा टेकवून अशी ओढायची की बाळंतीण एकदम गप्प व्हायची. शेवटी डाव्या कुशीला तिची ती ठरलेली गाठ, चपटी, पाठीखाली न रुतणारी. नाहीतर पोटात वारं शिरतं, पोट सुटतं, कंबर धरते, असं तिचं म्हणणं. लिंबायतच्या अर्ध्या आयांची पोटं तिच्या हाताखालून गेली आहेत.

माझंही गेलं. माझी मुलगी झाली तेव्हा मी नर्स होऊन थोडीच वर्षं झाली होती आणि अंगात शिकवण्याची खुमखुमी होती. मी तिला म्हटलं, मावशी, पट्टी कुठलीही असो, खाली दोन बोटं सहज शिरली पाहिजेत, आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. तिने हात न थांबवता आमच्या अहिराणीत उत्तर दिलं, "तुना दवाखानामा ठेव तुनी दोन बोटं. आठे नही." इथे नाही. आणि अशी आवळली की मला धड हसताही येईना. कमरेला मात्र बरं वाटलं, हे कबूल केलं पाहिजे. तेव्हापासून ती मला दोन बोटंवाली म्हणायला लागली. मी ड्युटीवर निघाले की ओट्यावरून हाक यायची, निघाली का गं दोन बोटंवाली? गल्लीतल्या लेकरांनाही ते नाव तोंडपाठ झालं होतं.

हिंमत तिचा एकुलता एक. तीनचाकी टेम्पो चालवायचा, कारखान्यातून कापडाचे ताके भरून मार्केटात पोचवायचा. लग्नाचं बघणं चालू होतं आणि येईल त्या मुलीत मावशी खोट काढत होती. टेम्पो माझ्या वाटेने जाणार असला की मला बोलवून ताक्यांवर बसवायचा. युनिफॉर्म घातलेली इनचार्ज सिस्टर ताक्यांच्या ढिगावर बसून हॉस्पिटलच्या फाटकात उतरायची, तेव्हा वॉचमन तोंड फिरवून हसायचा.

त्या दिवशी दुपारी तो गल्लीच्या तोंडाशी टेम्पो लावून मागच्या बाजूला उभा होता, मालावर दोरी आवळत. रिव्हर्स घेत मागे येणाऱ्या ट्रकच्या ड्रायव्हरला तो दिसलाच नाही. ट्रक आणि टेम्पोच्या मधे तो कमरेत चेपला. लोकांनी ओरडून ट्रक थांबवला, त्याला ओट्यावर आणून निजवलं आणि त्याच्या आईला हाका मारल्या. पोट, पोट, एवढंच तो म्हणत होता. मावशी आत पळाली आणि हाताला लागलं ते घेऊन बाहेर आली.

मला खालून फोन आला तेव्हा नाव कुणी सांगितलं नव्हतं. मी कॅज्युअल्टीत गेले तर स्ट्रेचरभोवती सगळे वाकलेले होते. त्यांच्या मधून मला आधी त्याचा चेहरा दिसला नाही, पोटावरची पट्टी दिसली. विटलेलं हिरवं लुगडं, हातभर घडी आणि डाव्या कुशीला चपटी गाठ. अख्ख्या सुरतेत ती गाठ एकच बाई मारते.

ती गाठ मीच सोडली. खाली चादर घेतली, खुब्यांवरून फिरवली आणि दोघांनी मिळून आवळली. हिंमत शुद्धीवर होता. त्याने मला ओळखलं. "ताई," तो म्हणाला, "मायले सांगजो, काही नही व्हयनं." आईला सांगा, काही झालं नाही म्हणून. मग त्याला आत नेलं.

बाहेर मावशी उभी होती. रडत नव्हती, कामात असलेल्या बाईसारखी दिसत होती. तिने पहिलं काय विचारलं असेल, तर पट्टी काढली का? काढू नकोस, पोट सुटेल, वारं शिरेल, असं ती मला बजावत होती. मी म्हटलं, खाली बांधलंय मावशी, तिथेच लागतं. पट्टी मी धुवायला टाकली आणि वाळल्यावर घडी करून तिला परत दिली. ती तिने पिशवीत जपून ठेवली. आता शिवून झालं की लागणारच आहे, म्हणाली.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगून टाकते. त्या पट्टीने काही बिघडलं का, हे मी नायकसाहेबांना त्याच दिवशी विचारलं होतं. ते म्हणाले, गल्लीपासून इथवर येईतो जेवढा वेळ ती होती, तेवढ्याने काही होत नाही, कडंच असं मोडलंय की रक्ताला आवर नाही. मलाही तसंच वाटलं आणि आजही वाटतं. मी इतकी पोटं पाहिली आहेत, त्यावर बोलते आहे.

दुसऱ्या दिवशी त्याचं पोट चढायला लागलं. बोट दाबलं तर आत जाईना. लघवी थेंबथेंब, रंग चहासारखा. मी नळी उभी धरली आणि पाणी चढताना बघत राहिले. मनात म्हणत होते, आता थांब, इथे थांब. ते थांबलं नाही. मशीन श्वास आत लोटत होतं आणि छाती घेत नव्हती. नायकसाहेबांनी तडक थिएटरमध्ये नेलं आणि पोट उघडलं. उघडल्याबरोबर रक्तदाब सुधारला, रात्रीपर्यंत पिशवीत लघवी दिसायला लागली. त्या विभागात पिवळी लघवी बघून आम्ही पेढे वाटल्यासारखे खूश होतो, लोकांना ते विचित्र वाटेल.

भेटीच्या वेळी मावशीला आत नेलं. प्लास्टिकखालची आतडी तिने पाहिली. तिला भोवळबिवळ आली नाही, इतकी बाळंतपणं पाहिलेली बाई ती. तिने पिशवीतून पट्टी काढली. असं उघडं ठेवतात का माणसाला, निदान वरून बांधू तरी दे, म्हणून माझ्याशी वाद घालायला लागली. मी तिला धरून बाहेर बाकावर आणलं आणि समजवायला बसले. समजवण्यात माझा हात कुणी धरत नसे, अवघड केस असली की साहेबसुद्धा नातेवाइकांना माझ्याकडे पाठवत. मी पार्सलचं उदाहरण दिलं. आत माल वाढत गेला आणि वरून बांधलेलं राहिलं तर आतलं सगळं कसं चेपतं, मूत्रपिंडं कशी बंद पडतात, म्हणून पोट मोकळंच ठेवावं लागतं, सगळं सांगितलं. ती नीट ऐकत होती.

"म्हंजे घट्ट बांधं ते मानूस मरस?" तिने विचारलं.

माझ्या तोंडून हो निघून गेलं. पुढच्या क्षणी मला कळलं की ती कशाबद्दल विचारत होती. मी लगेच म्हटलं, तुझ्या बांधण्याने नाही मावशी, ते थोडाच वेळ होतं, हाड मोडल्यामुळे झालंय, साहेबांना विचार. तिने मान हलवली. डॉक्टरपुढे लोक हलवतात तशी, न पटलेली. मग तिने ती पट्टी पिशवीत तळाशी घातली आणि वरून डबा ठेवला. त्यानंतर पोट बांधायचं नाव तिने काढलं नाही.

पुढचे काही दिवस बरे गेले. लेवल उतरत होती. मूत्रपिंडं पुरती सावरेपर्यंत त्यांचं काम करायला डायलिसिस चालू होतं. कमरेच्या हाडांना बाहेरून सळ्या लावल्या होत्या. आतड्यांची सूज कमी होत होती, आणि आता पुढच्या आठवड्यात शिवायला घेऊ, असं साहेब म्हणाले. मी ते मावशीला धावत जाऊन सांगितलं. तिचा चेहरा पहिल्यांदा जरा सैल झाला. झोपेचं औषध कमी केलं तसे हिंमतने डोळेही उघडले. मी तिला हाताला धरून आत नेलं.

त्याने आईकडे पाहिलं. तोंडात नळी, बोलणार कसा? पण हाताची बोटं हलत होती. पोटाच्या कडेला, डाव्या कुशीजवळ, चादर चिमटीत धरून ओढत होती. या अवस्थेतला प्रत्येक पेशंट हेच करतो, नळ्या ओढतो, चादर ओढतो, हवेतलं काहीतरी धरायला बघतो. म्हणून तर आम्ही त्यांचे हात मऊ पट्टीने खाटेला बांधून ठेवतो, खाली दोन बोटं जागा ठेवून. पण मावशीला हे माहीत असायचं कारण नव्हतं. तिला दिसला तो तिचा मुलगा, आणि त्याचा हात तिने गाठ मारली होती त्याच ठिकाणी.

"तो सांगस, सोड," ती म्हणाली आणि बाहेर निघून गेली.

त्यानंतर ती आत आली नाही. मी रोज बोलावलं. सगळे पेशंट असंच करतात, म्हणून शेजारच्या खाटेवरचा पेशंट तिला काचेतून दाखवला. तो तर मोटरसायकलवरून पडला होता, त्याला कुणी काही बांधलं नव्हतं, आणि तोही चादर ओढत होता. तिने पाहिलं, ऐकलं, आणि म्हणाली, "मना हात लागाले नको त्याले." माझा हात त्याला लागायला नको. दिवसभर व्हरांड्यात बसून असायची. गल्लीतली एक सून बाळंत झाली होती, तिची सासू बोलवायला तिथे आली, नुसतं पोट बांधून जा म्हणाली. मावशीने तिला परत पाठवलं. आते दवाखानामाच दखाडा, हॉस्पिटलातच दाखवा, असं सांगितलं. तिच्या तोंडून हे ऐकून मला जो धक्का बसला, तो अजून गेलेला नाही. ज्या दवाखान्याची ती जन्मभर टिंगल करत आली, त्याच्यावर तिने विश्वास ठेवला तो अशा वेळी आणि अशा कारणासाठी.

मग ताप आला. उघड्या पोटाला हीच भीती असते. दाबातून वाचवण्यासाठी दार उघडावं, तर त्याच दारातून जंतू शिरतात. औषधं बदलली, पोट पुन्हा पुन्हा धुतलं. चमत्कारिक गोष्ट म्हणजे शेवटपर्यंत त्याची लेवल चांगली होती. मी नळी धरायची आणि पाणी खालीच राहायचं. पोट मऊ होतं, दाब नव्हता, जंतू मात्र रक्तात पोचले होते. ज्या दिवशी शिवायचं ठरलं होतं, त्याच्या दोन दिवस आधी, सकाळच्या ड्युटीत, हिंमत गेला. मी शेजारीच होते. इतक्या वर्षांत मी पेशंटसमोर रडले नव्हते, त्या दिवशी रडले, आणि माझ्या हाताखालच्या पोरींनी मला बाहेर नेऊन बसवलं.

अपघाताची केस म्हणजे पोलीस आले, शवविच्छेदन आलं. अशा वेळी आम्हाला काही काढता येत नाही की शिवता येत नाही, आहे तसंच पाठवावं लागतं. मावशीने मला एकच विचारलं, उघडंच पाठवशील का? मी म्हटलं, तिथे शिवतात मावशी, सगळं झाल्यावर नीट शिवतात. मग मी युनिफॉर्म बदलला आणि तिच्याबरोबर निघाले. मी बरोबर असले म्हणून काही बदलणार नव्हतं, पण तिला एकटीला तिथे बसवून ठेवणं माझ्याच्याने झालं नसतं.

शवागाराच्या आवारात गल्लीतली माणसं एका बाजूला उभी होती, आम्ही दोघी पायरीवर बसलो होतो. दुपार टळली तेव्हा तिथल्या माणसाने कपडे आणा म्हणून हाक दिली. मी त्याला नर्स आहे म्हणून सांगितलं, आईला जरा आत येऊ द्या म्हटलं. तो वयस्क होता, बाजूला झाला. मी आधी जाऊन पाहिलं. कमरेच्या सळ्या काढून पोट शिवलं होतं. गोणीचं तोंड शिवतात तसे मोठे टाके होते, पण शिवलं होतं. इतक्या दिवसांनी ते पोट सपाट दिसत होतं. मी दाराशी येऊन मावशीला सांगितलं, मिटलंय.

ती आत आली. त्याच्या तोंडावरून तिने हात फिरवला नाही, हात मागे धरून उभी राहिली. मग पिशवीतला डबा काढून बाजूला ठेवला, तळातून ती हिरवी पट्टी काढली आणि माझ्यापुढे धरली.

"तू बांध," ती म्हणाली. "मना हात नको."

जन्मभर मी लोकांनी बांधलेलं सोडत आले होते. पट्टी हातात घेतली तेव्हा मनाशी ठरवलं की आज हिच्यासारखं बांधायचं. हिला दिसू दे की मी हिच्याच रीतीने बांधते आहे, हिच्या बांधण्यात मला काही वावगं वाटत नाही. बोलून जे पटलं नाही ते असं पटलं तर पटेल. मी त्याच्या कमरेखालून पट्टी सरकवली, वर घेतली, स्ट्रेचरच्या कडेला गुडघा टेकवला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओढली. डाव्या कुशीला गाठ मारायला गेले. तिची चपटी गाठ मला कधी जमली नव्हती, तरी जमेल तशी मारली.

तेव्हा मावशी पुढे झाली. मला वाटलं, ती गाठ नीट करणार. तिने उजव्या हाताची दोन बोटं पट्टीखाली घालायला पाहिली, ती शिरेनात.

"ढिलं कर, बाई," ती म्हणाली. "दोन बोटं जागा ठेव. त्याले तरास व्हई."

मी गाठ सोडली आणि सैल करून पुन्हा बांधली. तिने दोन बोटं आत घालून पाहिली. आता ती सहज शिरत होती. बाहेरून माणसं उचलायला आली तरी तिने बोटं काढली नव्हती.